अरुंद रुळांची सुरुवात

नागपुराहून पूर्वेस निघालेली आगगाडी आमगांव व सालेकसा मागें टाकून दरेकसा येथें डोंगरांत शिरते. महाराष्ट्राची हद्द येथें संपत येते. पलीकडे छत्तीसगडची भाताची भूमि. मुंबई-हावडा गाड्यांच्या या मार्गाचा आरंभ किती बेताचा होता, हें पाहणें नवी वस्तु लोकांपुढें मांडूं इच्छिणारांस उपयोगी पडेल, असें आम्हांस वाटतें.

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ सालीं नागपुरास पोंचली व तेथेंच थांबली. छत्तीसगडांत धान्य पिके, पण तें बाहेर काढावयास बैलगाडीच काय ती होती. १८७६-७८ च्या दुष्काळानें या उणिवेकडे लक्ष वेधलें. तेव्हां रूळ साडेपांच फुटी टाकावे, कीं स्वस्त अशा मीटर मापाचे? पत्करला तो दुसरा मार्ग. १८७८ सालीं काम सुरू झालें, १८८० सालीं पहिला टप्पा खुला झाला आणि पुढें नागपूर ते राजनांदगांव ही सुमारें दीडशें मैलांची ‘नागपूर-छत्तीसगड रेल्वे’ सिद्ध झाली.

या काटकसरीची किंमत होतीच. दोन रेल्वेंचीं मापें निराळीं, म्हणून मुंबईकडे जाणारा माल नागपुरास उतरवून पुन्हां भरावा लागे. परंतु धान्य वाहूं लागलें, मार्गाची योग्यता दिसून आली. १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें तो हातीं घेऊन रुंद केला, व १८९१ सालीं आसनसोलपर्यंत नेला. रुळांचें माप बदललें. वाट मात्र दरेकशाच्या डोंगरांतूनच राहिली.

भाताच्या गिरण्यांसाठीं हिशेबाचें सॉफ्टवेअर रचणाऱ्या गोंदियाच्या एखाद्या तरुणापुढें आज हाच पेंच असतो. सर्व कामें साधेपर्यंत थांबावें, कीं एकच काम नीट करणारें साधन चार-पांच गिरणीवाल्यांच्या हातीं आधीं द्यावें? थांबण्यांत पैसा सरतो, आणि वस्तु कोणास हवी आहे कीं नाहीं हेंही कळत नाहीं. म्हणून आमचा कौल लहान आरंभास आहे. मात्र दोन गोष्टी विसरूं नयेत. पहिल्या गिऱ्हाइकांस कांहीं काळ माल उतरवून भरण्याचा त्रास होणारच. तो आधींच सांगावा. दुसरें, नोंदी कोणत्या पद्धतीनें सांठवावयाच्या, हा निर्णय डोंगरांतल्या वाटेसारखा आहे. रूळ मागाहून रुंद करतां येतात. वाट बदलणें फार महाग पडतें. तेवढी पारख प्रथम करावी, आणि मग अरुंद रुळांवरून खुशाल निघावें.