ओझचा दुसरा भाग: पुढची गोष्ट की मागची?

बालसाहित्यातील मालिकांविषयी बोलताना ‘पुढचा भाग’ हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. पहिली गोष्ट जिथे थांबली तिथून ती पुढे चालू लागली, एवढाच अर्थ त्यात आपल्याला अभिप्रेत असतो. एल. फ्रँक बॉम या अमेरिकन लेखकाचे ‘द मार्व्हलस लँड ऑफ ओझ’ (१९०४) वाचताना मात्र ही समजूत टिकत नाही. हे पुस्तक पुढची गोष्ट सांगते खरे, पण त्यासाठी ते आधी मागची गोष्ट बदलते.

पहिले पुस्तक, ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ओझ’, १९०० साली शिकागोहून प्रसिद्ध झाले. वावटळीत सापडून ओझच्या अद्भुत प्रदेशात पोचलेली कॅन्ससची डोरोथी अखेर आपल्या घरी परतते आणि कथेचे वर्तुळ पूर्ण होते. १९३९च्या चित्रपटाने तो सारा प्रवास स्वप्न ठरवला. मूळ पुस्तकात तो स्वप्न नाही, ओझ हा तिथे खराखुरा प्रदेश आहे. म्हणून परतीची वाट खुली राहते. तरीही तिथे परत जाण्याची कथेला गरज नव्हती.

गरज निर्माण झाली ती कथेच्या बाहेर. १९०२ साली शिकागोच्या आणि १९०३ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर या कथेचे संगीत नाट्यरूप आले आणि अतिशय लोकप्रिय झाले. त्यात डेव्हिड माँटगोमेरी पत्र्याचा लाकूडतोड्या आणि फ्रेड स्टोन बुजगावणे होत असे. दुसऱ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत बॉम सांगतो की, हजार मुलींची हजार पत्रे आली तर या दोघांची आणखी एक गोष्ट लिहीन असे वचन आपण एका लहान मुलीला दिले होते. पत्रे त्याहून अधिक आली. या यशात नाटकाचाही वाटा असावा हे तो तिथेच मोकळेपणाने सुचवतो. पुस्तक त्याने माँटगोमेरी आणि स्टोन यांनाच अर्पण केले आहे.

हा तपशील लक्षात ठेवला की पुस्तकाची रचना उलगडते. डोरोथीच्या ओढीने पान उघडणाऱ्या वाचकाला तिथे डोरोथी भेटत नाही, भित्रा सिंहही भेटत नाही. भेटतात ते नाटकातील ती लाडकी जोडी आणि टिप नावाचा एक अनोळखी मुलगा, जो मोंबी नावाच्या म्हातारीच्या तावडीतून पळाला आहे.

यानंतर लेखक भूतकाळाला हात घालतो. पहिल्या पुस्तकात पाचूनगरी जादूगारानेच लोकांकडून बांधवून घेतली होती. दुसऱ्या पुस्तकात कळते की, त्याच्या आधी तिथे पास्टोरिया नावाचा राजा होता आणि जादूगाराने त्याचे सिंहासन बळकावले. हा पास्टोरिया आला कुठून? नाटकातून. रंगभूमीने घडवलेले पात्र पुस्तकाच्या पूर्वेतिहासात शिरले आणि पहिल्या पुस्तकातील लबाड पण भला जादूगार आता राजकन्येला मोंबीच्या हवाली करणारा अपराधी ठरला. दुसरे पुस्तक वाचून पहिल्याकडे परतणाऱ्या मुलाला तो म्हातारा पूर्वीसारखा दिसणे शक्य नाही.

पुस्तकातील बंडाचा प्रसंगही असाच दुहेरी आहे. जनरल जिंजर ही तरुणी विणकामाच्या सुया घेतलेल्या मुलींच्या सैन्यानिशी नगरी जिंकते, पुरुष स्वयंपाकघरात जातात. हे मताधिकारवादी स्त्रियांचे विडंबन आहे, असे म्हणून हा प्रसंग निकालात काढता येईल. त्या मुलींना दागदागिने हवे आहेत आणि शेवटी नवऱ्यांच्या हातचे जेवून कंटाळलेल्या बायका पुन्हा चुलीकडे वळतात. पण बॉमची सासू मटिल्डा जॉसलिन गेज (१८२६–१८९८) ही त्या चळवळीतील अग्रणी होती आणि बॉमने स्वतःच्या वृत्तपत्रातून स्त्री-मताधिकाराची बाजू घेतली होती. शिवाय जिंजरला हरवते तेही मुलींचेच सैन्य, ग्लिंडा या मायाविनीचे. सिंहासनही अखेर मुलीकडेच जाते.

ती मुलगी म्हणजे टिप. मोंबीने जन्मतःच रूप पालटलेली राजकन्या ओझ्मा तोच, हे शेवटाकडे उघड होते. टिप गांगरतो, त्याला मुलगाच राहायचे असते. ज्याच्यासोबत आपण सारा प्रवास केला तो मुलगा आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा होतो. ओझ्मा मित्रांना आपण तीच असल्याचा दिलासा देते, पण भोपळ्याच्या डोक्याच्या जॅकला, जो टिपला बाप मानत आला आहे, फरक जाणवतोच. बायका चुलीकडे परतल्या हे विनोदाने सांगून होते. टिपचे परतणे तसे हसण्यावारी नेता येत नाही. हरवलेले मूळ रूप परत मिळाले असे कथा म्हणते, पण वाचणाऱ्या मुलाला मात्र काहीतरी गमावल्याची हुरहूर लागते. रंगभूमीवर डोळा ठेवून लिहिलेल्या या पुस्तकाने बाजाराच्या हिशेबात न बसणारी गोष्ट साधली ती इथे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९०८च्या पुस्तकात बॉमने जादूगाराला ओझमध्ये परत आणले आणि त्याचा अपराध निमूटपणे पुसून टाकला. १९१०मध्ये ओझचा जगाशी संबंधच तोडून त्याने मालिका संपवली. १९११मध्ये त्याचे दिवाळे निघाले आणि १९१३मध्ये ओझची दारे पुन्हा उघडली. १९१९ साली तो वारला, तोवर चौदा पुस्तके लिहून झाली होती. १९२१पासून रूथ प्लमली थॉम्प्सन या लेखिकेने मालिका पुढे नेली.

आपण वर्गात मालिकेतील पहिले पुस्तक अभ्यासतो आणि उरलेली धंद्याची म्हणून बाजूला ठेवतो. धंदा त्यांत होताच. पण वाचकांची पत्रे, नटांची लोकप्रियता, घरात ऐकलेले वाद आणि कर्जाचा बोजा हे सारे कथेत कसे उतरते, हे पहिल्या पुस्तकापेक्षा दुसऱ्यात अधिक स्पष्ट दिसते. पहिल्या भागात लेखक एक जग निर्माण करतो. त्या जगावर आता आपला एकट्याचा हक्क राहिलेला नाही, हे त्याला दुसरा भाग लिहिताना कळते.