टेलिफोनच्या घरचा जावई

कॅलिडोस्कोप हे खेळणं ज्यांच्या डोक्यातून निघालं, ते स्कॉटलंडचे डेव्हिड ब्रूस्टर 1830च्या दशकात नायट्रस ॲसिड वायूतून दिव्याचा उजेड सोडून पलीकडे त्याचा वर्णपट पाहत होते. वायू दिसायला फिकट पिवळा, पण वर्णपटात शेकडो काळ्या रेघा! सूर्यप्रकाशातल्या अशा रेघा फ्राउनहोफरनी 1814च्या सुमारासच टिपल्या होत्या. इथे मात्र भांडंभर वायू उजेडातले नेमके रंग गिळत होता. लेझरने वायू हेरण्याच्या तंत्राचं मूळ मी तरी इथेच धरतो. लेझर हा घरात फार उशिरा आलेला जावई.

कारखान्यात ही विद्या आधी लेझरविनाच शिरली. जर्मनीत लेहरर आणि लुफ्ट यांनी 1938 साली अवरक्त किरणांवर चालणारं वायुमापक यंत्र केलं. ते रुंद पट्टाच मोजायचं, त्यामुळे शेजारची पाण्याची वाफ मध्ये लुडबुड करायची.

एकच रेघ वेचण्याची किमया 1970 साली अमेरिकेतल्या लिंकन लॅबोरेटरीत डेव्हिड हिंकली यांनी दाखवली. डायोड लेझरचा विद्युतप्रवाह किंचित बदलला की तरंगलांबीही सरकते. अडचण एकच: शिशाच्या संयुगांचे ते लेझर कडाक्याच्या थंडीत ठेवावे लागत. धुरांड्यावर ती सोय कोण करणार?

सुटका झाली ती टेलिफोनमुळे. फायबरमधून संभाषण धाडण्यासाठी 1.3 आणि 1.55 मायक्रॉनचे लेझर निघाले, नेहमीच्या तापमानाला चालणारे. योगायोगाने हायड्रोजन फ्लोराइड, अमोनिया, मिथेन यांच्या रेघा याच परिसरात पडतात. अशक्त असल्या तरी पुरेशा.

ॲल्युमिनियमच्या कारखान्यात याचं मोल कळतं. तिथल्या क्रायोलाइट या फ्लोरिनयुक्त क्षाराला ओलावा लागला की हायड्रोजन फ्लोराइड सुटतो. नमुना नळीतून ओढावा, तर तो वाटेतच भिंतींना चिकटतो, शिवाय काच खातो. म्हणून एका बाजूला लेझर, समोर डिटेक्टर, आणि मधून वायू आपला वाहतोय. धुळीने उजेड मंदावला तर रेघेवरचा आणि रेघेशेजारचा सारखाच मंदावतो. वायू असेल तर फक्त रेघेवर खड्डा पडतो. त्या खड्ड्याच्या मापावरून वायू किती ते ठरतं.

नायट्रिक ऑक्साइडच्या ठळक रेघा मात्र 5 मायक्रॉनच्या पलीकडे. तिथवर नेणारा क्वांटम कॅस्केड लेझर 1994 साली निघाला, तोही बेल लॅब्जमध्ये, म्हणजे पुन्हा टेलिफोनवाल्यांच्याच घरी.