तळटीप १२ : सदोष काँक्रीटची घरे

‘सरकारने घर परत घेतले’ हा उल्लेख ब्रिटनच्या १९८४ च्या गृहदोष कायद्याचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटची घरे झपाट्याने उभी राहिली. पुढे आतली सळई गंजून काँक्रीट तडकले. स्थानिक संस्थेकडून अशी घरे विकत घेतलेल्यांना दुरुस्तीसाठी साधारणपणे ९० टक्के अनुदान, किंवा निर्दोष घराच्या किमतीच्या ९५ टक्के दराने फेरखरेदी मिळू लागली. इगतपुरी तालुक्यातल्या घोटीच्या घरमालकासाठी भारतात असा कायदा नाही. इथल्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत दाखवून दिलेला बांधकामदोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. सरकारी तिजोरीवर त्याचा भार नाही. इगतपुरी तालुक्यातला पाऊस पाहता ही ५ वर्षांची मुदत फार तोकडी आहे, असे प्रस्तुत संपादकाचे ठाम मत आहे.