पेपर पारखण्याची रीत: ग्रँट मेडिकल ते अंबरनाथ

वैद्यकीय निबंध छापण्याआधी त्याच विषयातल्या दुसऱ्या जाणत्याकडून वाचून घेण्याची रीत एडिंबरोच्या वैद्यकीय मंडळाने १७३१ मध्ये घालून दिली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १७५२ मध्ये लेख निवडायला समिती नेमली आणि १८३० नंतर परीक्षकांकडून लेखी अभिप्राय घ्यायला सुरुवात केली. मुंबईतले वैद्यकीय लेखन याच सुमारास आकाराला आले. १८३५ मध्ये मेडिकल अँड फिजिकल सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली आणि १८३८ पासून तिचे ‘ट्रान्झॅक्शन्स’ निघू लागले. सभासद बहुतेक कंपनी सरकारच्या नोकरीतले डॉक्टर होते. माहितगार मंडळी मोजकीच असल्याने लिहिणारा, ऐकणारा आणि पारखणारा एकाच खोलीत बसत असे.

ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’ची चित्रे काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर पुढे तिथे शिकवत होते. ‘मदुरा फूट’ या पायाच्या रोगावरचे त्यांचे काम मुंबईच्या याच ट्रान्झॅक्शन्समध्ये छापले गेले. याच कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉ. भाऊ दाजी लाड यांची गोष्ट मात्र उलट दिशेने गेली. कुष्ठरोगावर त्यांनी चालमोगऱ्याच्या जातीतल्या वनस्पतीचे औषध चालवले आणि त्याचा बोलबालाही झाला. पण औषध कोणते ते त्यांनी बराच काळ उघड केले नाही, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. १८७४ मध्ये ते वारले. हातगुण कितीही असला तरी जे कागदावर आलेले नाही ते दुसऱ्याला तपासता येत नाही. परीक्षणाची सारी व्यवस्था या एका अटीवर उभी आहे.

परळला सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय १९२६ मध्ये उभे राहिले. तिथल्या स्टाफ सोसायटीने १९५५ मध्ये ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ काढले. शिकवणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः चालवलेले आणि आजही चालू असलेले हे नियतकालिक आहे. टपालाच्या काळात टंकलिखित प्रती परीक्षकाकडे जात आणि त्याच्या सवडीने परत येत. परीक्षकाची नेमणूक सक्तीची झाली ती मात्र अलीकडे. ‘नेचर’सारख्या नियतकालिकानेही हा नियम १९७३ मध्ये पक्का केला. इंटरनेट आल्यावर मुंबईतच १९९७ मध्ये डॉ. देवकुमार साहू यांनी ‘मेडनो’ ही प्रकाशनसंस्था सुरू केली. देशातल्या कितीतरी वैद्यकीय नियतकालिकांचे पेपर स्वीकारणे, परीक्षकाकडे धाडणे आणि छापणे तिच्या प्रणालीवर होऊ लागले. २०११ मध्ये ती वोल्टर्स क्लूवरने विकत घेतली.

इतके होईपर्यंत एक प्रांत बाहेरच राहिला होता, तो म्हणजे अध्यापन. रोगावरचा पेपर म्हणजे संशोधन आणि वर्गात काय शिकवले त्यावरचा पेपर म्हणजे हौस, असा समज बळकट होता. परदेशात चित्र वेगळे होते. स्कॉटलंडमध्ये डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये ‘ऑस्की’ ही टप्प्याटप्प्याची प्रात्यक्षिक परीक्षा मांडली. तिच्या विश्वासार्हतेवर पेपर निघू लागले. अमेरिकेत ‘अ‍ॅकॅडेमिक मेडिसिन’ने सप्टेंबर २००१ मध्ये परीक्षकांसाठी निकष छापले. जॉर्ज बोर्डाज यांनी त्याच वर्षी वैद्यकशिक्षणावरच्या १५१ हस्तलिखितांवरील परीक्षकांचे शेरे तपासून पेपर का नाकारले जातात ते दाखवले. कच्चे किंवा अपुरे संख्याशास्त्र, निष्कर्षाचा वाजवीपेक्षा मोठा अर्थ, मोजण्याचे अयोग्य साधन, लहान किंवा एकांगी नमुना आणि समजायला अवघड लिखाण ही त्यातली ठळक कारणे. स्वीकारले गेलेले पेपर महत्त्वाच्या, वेळेला साजेशा प्रश्नावरचे आणि नीट लिहिलेले होते.

यातले प्रत्येक कारण मराठी मुलखातल्या परीक्षकाच्या ओळखीचे आहे. नमुनेदार पेपर असा असतो: व्याख्यानाऐवजी गटचर्चा घेतली, आधी आणि नंतर चाचणी घेतली, गुण वाढले, मुलांना पद्धत आवडली. परीक्षक विचारतो की तुलनेचा गट कुठे आहे, आणि दुसऱ्यांदा तेच प्रश्न सोडवल्यावर गुण वाढणारच ना? आणखी अवघड प्रश्न संमतीचा. अभ्यास करणारा शिक्षकच वर्षअखेरीला गुण देणार असेल, तर मुलाने दिलेला होकार कितपत मोकळा? रोग्यावरच्या पेपरात असा पेच क्वचितच इतका उघडा दिसतो.

हे प्रश्न विचारायला शिकलेली माणसे तयार होऊ लागली ती २००५ पासून. त्या वर्षी परळच्या कॉलेजात ‘फायमर’ या अमेरिकी प्रतिष्ठानाचे प्रादेशिक केंद्र सुरू झाले. शल्यविशारद डॉ. अविनाश सुपे त्याच्या उभारणीत आघाडीवर होते. फेलो झालेल्या शिक्षकाला आपल्या कॉलेजात एक प्रकल्प करून दाखवावा लागे. पेपरचा ओघ मात्र दुसरीकडून आला. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने २००९ नंतर बढतीसाठी शोधनिबंध सक्तीचे केले. त्यातून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. फेब्रुवारी २०२० च्या सुधारणेत कोणत्या सूचींमधली नियतकालिके मान्य धरायची त्याची यादी नव्याने ठरली. त्याच सुधारणेत वैद्यकशिक्षण-तंत्र आणि मूलभूत संशोधन हे दोन्ही अभ्यासक्रम शिक्षकांना बंधनकारक झाले. लिहिणे सक्तीचे झाले. परीक्षण मात्र बिनपगारी आणि ऐच्छिकच राहिले, आणि बढतीच्या अर्जात त्याला किंमत मिळाली नाही. व्यवस्थेची खरी दुबळी बाजू ही आहे.

कल्याणपुढच्या उल्हासनगर-अंबरनाथ पट्ट्यात हा इतिहास उशिरा पोचला. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय रुग्णसेवेचे ठिकाण होते. एमबीबीएससाठी इथल्या मुलामुलींनी पाहायचे सर्वात जवळचे सरकारी आवार म्हणजे १९९२ मध्ये सुरू झालेले ठाणे महापालिकेचे कळव्याचे कॉलेज, नाहीतर थेट मुंबई. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकदम १० सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्‍घाटन झाले आणि त्यात अंबरनाथ होते. दहा मिळून ९०० जागा वाढल्या, त्यातल्या १०० अंबरनाथच्या. तिथल्या अध्यापकांनाही बढतीसाठी पेपर लागणार आहेत, आणि तिथलीच मुले हा त्यांचा हाताशी असलेला नमुना आहे.

अशा पेपरात गुप्ततेची अडचण येते. अनेक भारतीय नियतकालिकांत लेखकाचे आणि संस्थेचे नाव झाकून पेपर परीक्षकाकडे जातो. पण ‘मुंबई महानगर प्रदेशातील १०० जागांचे नवे सरकारी महाविद्यालय’ असे पद्धती-विभागात लिहिले की नाव झाकण्यात अर्थ उरत नाही. परीक्षण करणारा परळचा असेल तर तो लेखकासोबत एखाद्या कार्यशाळेत बसलेलाही असू शकतो. म्हणून जाणते संपादक अशा वेळी एक परीक्षक राज्याबाहेरचा घेतात.