करवलीचा करा

विलायती विवाहात वधूपुढे फुले उधळीत बालिका चालते. आपल्याकडे तसा मान करवलीचा. खेड्यापाड्यांत तिला कलवरीही म्हणतात. मंगलाष्टकांच्या वेळी वधूवरांच्या पाठीशी करा व दिवा घेऊन ती उभी राहते. बालविवाहाच्या काळी वधू व करवली पुष्कळदा समवयस्कच असत. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे किमान वय १४ ठरविले. परंतु तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता, आणि नांदेड-लातूरचा मुलूख निजामाच्या राज्यात. तेव्हा येथे आजची करवली उद्याची वधू होई. आणि दुर्दैवाने बालवयातच वैधव्य आले, तर हातचा करा कायमचा सुटे. पुढे १९७८ साली ही मर्यादा १८ झाली. करवलीला मान देणाऱ्या समाजाने तिचे बाल्यही जपावयास नको काय?