सावेदादांचा कॅमेरा

श्रोतेहो, भोसरी-चाकणच्या आमच्या भागांत शेतें जाऊन कारखाने उभे राहिले, तरी जत्रेंत कुस्त्यांचा फड आजही भरतो. कुस्ती लागतांच शेंकडों हात मोबाइल उंच धरून तिचें चित्रण करूं लागतात. तें पाहिलें म्हणजे हेंच काम आपल्या देशांत प्रथम करणाऱ्या एका मराठी गृहस्थाचें स्मरण होतें. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, हे ते गृहस्थ होत.

७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें प्रथम दाखविण्यांत आलीं. छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्या सावेदादांना या नव्या कलेचा असा ध्यास लागला कीं, त्यांनीं विलायतेहून कॅमेरा मागविला. १८९९ सालीं त्यांनीं मुंबईच्या हँगिंग गार्डन्समध्यें पुंडलिक व कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती टिपली आणि ती फिल्म धुण्याकरितां विलायतेस धाडली. पुढें डिसेंबर १९०१ मध्यें केंब्रिजची गणिताची परीक्षा गाजवून परतलेल्या रँग्लर परांजपे यांचें मुंबईंत झालेलें स्वागतही त्यांनीं चित्रित केलें. यांत कथा नव्हती, नट नव्हते. परक्या मुलखांतील दृश्यें पाहून थक्क होणाऱ्या काळीं आपल्या मातींतील प्रसंगही पडद्यावर आणण्याजोगा आहे, हें सावेदादांनीं ओळखलें. त्यांचें मोठेपण यांतच आहे.

हीच दृष्टि पुढें जपानमध्यें शिन्सुके ओगावा यांनीं पराकोटीस नेली. नारिता येथील विमानतळासाठीं जमिनी घेण्यास शेतकऱ्यांनीं विरोध केला, तेव्हां १९६८ पासून ओगावा व त्यांचे सहकारी त्यांच्यांतच जाऊन राहिले व वर्षानुवर्षें चित्रण करीत राहिले. जमीन जाणें म्हणजे काय, हें आमच्या भागांतील श्रोत्यांस निराळें सांगावयास नको.

सावेदादांची ती कुस्ती मात्र आज पाहावयास मिळत नाहीं. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें. म्हणजे कुस्तीनंतर ६५ वर्षांनीं! फिल्म गेली; पण सन, स्थळ आणि मल्लांचीं नांवें उरलीं, म्हणूनच आज तिच्याविषयीं बोलतां येतें.

म्हणून एवढीच विनंति कीं, घरांत जुनी फिल्म असो वा मोबाइलमधील कालचें चित्रण असो, तें जपून ठेवा. आणि त्यासोबत सन, गांव व माणसांचीं नांवें लिहून ठेवा. नांवाविना चित्र हें पुढच्या पिढीस मुकें होय.