४०९६चा भरवसा

कामोठ्यात सी शिकणाऱ्या मुलांच्या वह्यांत एक कृती हमखास सापडते: पाथ-मॅक्सएवढा ॲरे घ्या, तो चालू डिरेक्टरीचा पाथ सांगणाऱ्या गेटसीडब्ल्यूडीला द्या, आलेला पाथ छापा. पूर्वपक्ष म्हणतो, लिनक्समध्ये पाथ-मॅक्स ४०९६ असतो. पाथ त्यापलीकडे जातच नाही, मग तपासायचं काय?

जुन्या गेटडब्ल्यूडीपेक्षा हे बरं, एवढं मान्य. ते बफरचा आकार विचारतच नसे. २००८च्या पॉसिक्सने त्याला काढून टाकलं. गेटसीडब्ल्यूडी आकार घेतं आणि जागा अपुरी पडली तर नल परत करून एररनोमध्ये ई-रेंज ठेवतं. म्हणजे बफर फुटत नाही तो आकार सांगितल्यामुळे, ४०९६मुळे नव्हे.

आणि ही मर्यादा आहे कशाची? सिस्टिम कॉलला एका वेळी देता येणाऱ्या पाथची, शेवटच्या शून्य बाइटसकट. डिरेक्टरी किती खोल असावी याची नाही. फोल्डर करा, आत शिरा, पुन्हा करा, पुन्हा शिरा; कोणी अडवत नाही. देवनागरीत तर हद्द लवकर येते. यूटीएफ-८मध्ये ‘कामोठे’ म्हणजे सहा चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, एकूण १८. रोमन लिपीत सातांत भागतं. रूटपासून एकात एक २१६ ‘कामोठे’ केले की ४०९६ संपले.

पाथ आखूड असला तरी नल येऊ शकतं. दुसऱ्या टर्मिनलवरून कोणी तीच डिरेक्टरी पुसली, की उत्तर ई-नो-एंट. न तपासणारा प्रोग्रॅम मग ॲरेत आधीपासून पडलेला कचरा पाथ म्हणून छापतो.

गृहीत धरण्याची खोड मोठ्यांनाही असते. डिरेक्टरी प्रोसेसच्या रूटबाहेर असेल तर लिनक्स कर्नल पाथच्या आधी कंसात ‘अनरीचेबल’ लावतो. सुरुवातीला स्लॅश नसतो. ग्लिबसी या सी लायब्ररीतल्या रिअलपाथने तो असणारच असं धरलं आणि स्लॅश शोधत बफरच्या मागे गेलं. २०१८मध्ये उघड झालेल्या या चुकीतून रूटचे अधिकार मिळवता येत होते.

तेव्हा मॅलॉकने २५६ बाइट घ्या. ई-रेंज आलं तर रिअलॉकने दुप्पट करून पुन्हा विचारा. दुसरी कुठलीही चूक आली तर मेमरी सोडून ती कळवा. नल आणि शून्य दिल्यावर ग्लिबसी स्वतः जागा काढतं खरं, पण पॉसिक्स त्याची हमी देत नाही.

मुळात बऱ्याचदा पाथ लागतच नाही, फक्त परत यायचं असतं. त्यासाठी निघण्याआधी ‘.’ ओपन करून ठेवा आणि परतताना एफसीएचडीआयआर करा. मधल्या वेळात कोणी डिरेक्टरीचं नाव बदललं तरी ते बरोबर तिथेच नेतं. पाथ जपून ठेवणारा दारात अडतो.